प्लॅटर्स : आवाज एकाचा, नाव दुसऱ्याचं

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. 'ओन्ली यू' आणि 'द ग्रेट प्रिटेंडर' गाणाऱ्या 'द प्लॅटर्स' या गटातले गाजलेले पाचही जण आता हयात नाहीत, मग कसिनोत आणि क्रूझवर या नावाने अजून कार्यक्रम होतात ते कोणाचे? त्यातले खरे कोण? चार गाणी अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेणारा गट १९६० नंतर इतक्या लवकर का ओसरला? आणि तुमच्या कॉलेजच्या गटाला वाद्यांशिवाय 'ओन्ली यू' बसवायचं आहे, ते कसं बसवावं?

मी चार-पाच आवाजांच्या गटांसाठी स्वरबांधणी करतो. वकील नाही. तरी इतकी वर्षं हे काम करून माझं मत असं झालंय, की प्लॅटर्सच्या गाण्याची जी बांधणी होती तिच्यातच पुढच्या कोर्टकचेऱ्यांचं मूळ होतं. म्हणून आधी गाण्याबद्दल बोलतो.

प्लॅटर्स ज्या संगीतातून आले त्याला डू-वॉप म्हणतात. हे नाव त्याला बरंच नंतर चिकटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांतली मुलं, बहुतेक कृष्णवर्णीय, रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्यांत, आवाज घुमेल अशा बोळांत जमून गायची. वाद्यं परवडत नसत, म्हणून वाद्यांची कामं तोंडाने व्हायची. बासवाला (सगळ्यात खालचा पुरुषी आवाज) खालून निरर्थक अक्षरांचे ठोके द्यायचा, मधले दोघे-तिघे कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणारे स्वर, भरायचे आणि वर एक टेनर (उंच पट्टीचा पुरुषी आवाज) मुख्य गाणं म्हणायचा. कॉर्डचा फेरा बहुतेक वेळा ठरलेला असे. आपल्या भाषेत सांगायचं तर मूळ स्वर सा, मग ध, मग म, मग प, आणि पुन्हा सा. १९५४ सालचं पेंग्विन्स या गटाचं 'अर्थ एंजल' ऐका, हा फेरा तुम्हाला जसाच्या तसा सापडेल.

प्लॅटर्स या घराण्यातले खरे, पण जरा कडेला उभे. काही कट्टर मंडळी त्यांना डू-वॉप मानतच नाहीत, 'पॉप' म्हणून नाक मुरडतात. मला तो वाद निरर्थक वाटतो, पण त्यामागचं निरीक्षण बरोबर आहे. प्लॅटर्सच्या गाजलेल्या गाण्यांत निरर्थक अक्षरांची मौज जवळजवळ नाही. मागचे चौघे लांब 'ऊ' आणि 'आ' धरून बसतात. बास ठोके देत नाही, पियानो देतो, एका मात्रेत तीन-तीन. ही पद्धत त्यांनी १९३०-४० च्या दशकांतल्या इंक स्पॉट्स या गटाच्या वळणावर नेली. 'माय प्रेयर' हे गाणंही इंक स्पॉट्सनी त्यांच्या कितीतरी आधी, १९३९ मध्ये गायलं होतं.

गट सुरू झाला लॉस एंजेलिसमध्ये, १९५३ च्या आसपास. कॅन्सस सिटीहून आलेला हर्ब रीड हा बास गायक संस्थापकांपैकी एक. गटाचं नावही त्याचंच, कारण तेव्हाचे रेडिओ निवेदक तबकडीला 'प्लॅटर' म्हणत. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सुरुवातीच्या मंडळींत डेव्हिड लिंच, ॲलेक्स हॉज आणि त्याचा भाऊ गेनेल, कॉर्नेल गंटर अशी नावं येतात. गेनेल हॉज 'अर्थ एंजल'च्या कर्त्यांपैकी एक, आणि गंटर पुढे कोस्टर्स या गटात गेला. त्या काळी त्या शहरात ही मुलं एका गटातून दुसऱ्या गटात सहज जात-येत. १९५३ मध्ये टोनी विल्यम्स हा न्यू जर्सीकडचा टेनर आला. ॲलेक्स हॉजच्या जागी पॉल रॉबी आला, आणि १९५४ मध्ये झोला टेलर. पुरुषांच्या गटात एक स्त्री ही तेव्हा नेहमीची गोष्ट नव्हती. झोलाचा आवाज मधल्या पट्टीत बसला, टेनर आणि बॅरिटोन (टेनर-बासच्या मधला पुरुषी आवाज) यांच्यामधली फट भरली गेली, आणि मागचा 'ऊ' एकदम मऊ झाला. तिच्या आधीची आणि नंतरची ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकलीत तर हा फरक सांगावा लागणार नाही.

आता बक रॅम. पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ, मोठ्या जॅझ वाद्यवृंदांसाठी संयोजन केलेला, गीतं लिहिणारा. 'आय विल बी होम फॉर ख्रिसमस' या १९४३ च्या गाण्यावर त्याचं नाव लागलं तेही भांडणानंतर. म्हणजे कागदावर नाव असण्याची किंमत काय, हे या माणसाला अगदी अनुभवाने ठाऊक होतं. त्याने प्लॅटर्सचं व्यवस्थापन हाती घेतलं तेव्हा ते फेडरल या लेबलवर होते आणि त्यांच्या तबकड्या फारशा चालत नव्हत्या. 'ओन्ली यू' एकदा फेडरलसाठी गाऊन झालं होतं. ते ध्वनिमुद्रण कंपनीने तेव्हा बाजारात आणलं नाही.

रॅमकडे तेव्हा पेंग्विन्सही होते, आणि 'अर्थ एंजल' गाजत होतं. शिकागोच्या मर्क्युरी कंपनीला पेंग्विन्स हवे होते. रॅम म्हणाला, घ्यायचे तर दोन्ही गट घ्या. मर्क्युरीने नाइलाजाने प्लॅटर्स पदरात पाडून घेतले. पुढे जे झालं ते या धंद्यात नेहमी सांगितलं जातं: पेंग्विन्सना मर्क्युरीवर त्या तोडीचं एकही गाणं मिळालं नाही, आणि जोडीला आलेल्यांनी कंपनीला काही वर्षं पोसलं.

एप्रिल १९५५ मध्ये 'ओन्ली यू' मर्क्युरीसाठी नव्याने मुद्रित झालं. कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूज यादीत ते पहिलं, आणि सर्वसाधारण पॉप यादीत पाचवं आलं. या दुसऱ्या आकड्याचं महत्त्व आज कळत नाही. त्या काळात कृष्णवर्णीय गटाचं गाणं उठू लागलं की एखादा गोरा गट तेच गाणं घाईने गायचा आणि रेडिओवर त्याचंच वाजायचं. 'अर्थ एंजल'चं तसंच झालं. पेंग्विन्स पॉप यादीत आठवे राहिले आणि क्रू-कट्स हा गोरा गट तिसऱ्या क्रमांकावर गेला. 'ओन्ली यू' हिलटॉपर्स या गोऱ्या गटाने गायलं, पण या वेळी मूळ गाणं वर राहिलं आणि नक्कल खाली. काही महिन्यांत 'द ग्रेट प्रिटेंडर' आलं. लास वेगासच्या एका हॉटेलच्या प्रसाधनगृहात आपण ते लिहून काढलं, असं रॅम सांगायचा. फेब्रुवारी १९५६ मध्ये ते पॉप यादीत पहिलं होतं. त्याच वर्षी 'माय प्रेयर', १९५८ मध्ये 'ट्वायलाइट टाइम', आणि जानेवारी १९५९ मध्ये संगीतकार जेरोम कर्नचं १९३३ सालचं 'स्मोक गेट्स इन युअर आइज' ही तिन्ही पहिली आली.

जाता जाता एक गोष्ट. 'द ग्रेट प्रिटेंडर' १९८७ मध्ये क्वीन या बँडच्या फ्रेडी मर्क्युरीने गायलं आणि ब्रिटनमध्ये ते चौथ्या क्रमांकावर गेलं. हा, म्हणजे मूळचा फारोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, आणि प्लॅटर्सच्या ऐन भराच्या काळात तिथे शाळकरी मुलांच्या हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवत होता. त्याची आवृत्ती मोठ्या रंगमंचाची आहे. विल्यम्सची आवृत्ती एका माणसाच्या कानात सांगितल्यासारखी आहे, आणि मला तीच जास्त खरी वाटते.

टोनी विल्यम्सच्या गळ्यात नेमकं काय होतं? सुराला सरळ भिडण्याऐवजी तो एक बारीक हुंदका देऊन वरच्या स्वरावर उडी घ्यायचा. 'ओन्ली'च्या पहिल्या अक्षराचे तो तुकडे करतो आणि दर तुकड्यात सूर थोडा फुटतो. ती फूट चुकून आलेली नाही, नेमकी त्याच जागी परत परत येते. मागे चौघांचा 'ऊ' अगदी स्थिर असल्यामुळेच ती फूट ऐकू येते. बैठकीत तानपुऱ्यांचं जे काम, तेच इथे या चौघांचं. आणि तानपुऱ्यावर कोण बसलं होतं हे बैठकीनंतर कोणी विचारत नाही.

इथेच सगळी गोम आहे. ज्या गटांत बास, बॅरिटोन, दुसरा टेनर हे सगळे आळीपाळीने पुढे येतात, तिथे एक माणूस बदलला की गाणं बदलतं. प्लॅटर्सची बांधणी अशी की लोकांच्या कानात एकच आवाज राहतो आणि उरलेले चौघे अदृश्य होतात. असे अपवाद होते की झोलाने 'हीज माइन' पुढे उभं राहून गायलं, हर्ब रीडने 'सिक्स्टीन टन्स' गायलं, आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. पण गटाची ओळख त्यांच्यावर उभी राहिली नाही. मग व्यवस्थापकाच्या डोक्यात साधा हिशेब येतो: चौघे बदलता येतील, पाचवा अवघड आहे पण त्याचीही नक्कल मिळेल, बदलता येणार नाही असं फक्त नाव आहे. नाव सांभाळा.

रॅमने तेच केलं. १९५६ च्या सुरुवातीला, म्हणजे 'प्रिटेंडर' शिखरावर पोहोचत असतानाच, 'फाइव्ह प्लॅटर्स' नावाची कंपनी स्थापन झाली. पाचही गायकांनी 'प्लॅटर्स' या नावावरचा हक्क कंपनीला लिहून दिला आणि बदल्यात शेअर घेतले. दिसायला व्यवहार चोख, पाचही जण मालक. पण दौरे सुरू, खिशात पैसे, पुढचं वर्षही असंच जाईल याची खात्री, अशा वेळी कागद कोण वाचतं? एकेक जण बाहेर पडत गेला आणि कंपनीचा ताबा रॅमच्या बाजूकडे सरकला. रॅम खलनायक होता असं मी म्हणणार नाही. त्याच्याशिवाय हा गट फेडरलच्या कपाटातच राहिला असता. ड्रिफ्टर्स या गटाकडे पाहा: तिथे नाव व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेलच्या हाती, गायक पगारी. १९५८ मध्ये त्याने अख्खा गट काढून टाकला आणि क्राउन्स या दुसऱ्याच गटाला तेच नाव देऊन उभं केलं. बेन ई. किंग हा गायक त्यातूनच पुढे आला. म्हणजे संगीत उत्तम राहूनही हे होऊ शकतं.

ओसरण्याची दोन कारणं नेहमी सांगितली जातात. पहिलं सिनसिनाटी. ऑगस्ट १९५९ मध्ये तिथल्या हॉटेलात गटातल्या चारही पुरुषांना पोलिसांनी अटक केली. सोबत चार स्त्रिया होत्या, त्यांतल्या तीन गोऱ्या. डिसेंबरमध्ये चौघेही निर्दोष सुटले. पण तोवर अनेक रेडिओ केंद्रांनी त्यांच्या तबकड्या बाजूला ठेवल्या होत्या. तो वंशभेदाचा काळ होता आणि बातमीत गोऱ्या स्त्रिया होत्या, तेवढं पुरलं. गुळगुळीत, सभ्य, आई-वडिलांनाही चालेल अशी प्रतिमा हेच ज्यांचं भांडवल, त्यांना ही बातमी इतरांपेक्षा जास्त लागली. तरी एकट्या या प्रकरणाने गट संपला असं मला वाटत नाही, कारण १९६० मध्ये 'हार्बर लाइट्स' आठव्या क्रमांकापर्यंत गेलंच.

दुसरं आणि खरं कारण १९६० चंच: टोनी विल्यम्स एकट्याने गाण्यासाठी बाहेर पडला. त्याच्या जागी सनी टर्नर आला. आवाज मोठा, तयारीचा, रंगमंचावर विल्यम्सपेक्षा जास्त चपळ. पण मर्क्युरीला हवा होता जुना हुंदका. कंपनी विल्यम्सची शिल्लक ध्वनिमुद्रणं काढत राहिली, आणि नव्या गायकाभोवती नवी बांधणी करायचं धाडस बराच काळ कोणी केलं नाही. विल्यम्सचंही एकट्याचं काही जमलं नाही. मागचा 'ऊ' गेल्यावर त्याच्या आवाजातली ती फूट नुसती लकब वाटू लागली. दोघांना एकमेकांची गरज होती, आणि करारात ती कुठेच लिहिलेली नव्हती.

१९६० च्या दशकाच्या मध्यात म्युझिकॉर या लेबलवर गट पुन्हा उठला. सनी टर्नरचं 'विथ धिस रिंग' १९६७ मध्ये चौदाव्या क्रमांकावर आलं. नाचायला लावणारं, डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या वळणाचं गाणं. लोक त्याला विसरतात, मला ते त्यांच्या उत्तम कामांपैकी वाटतं, कारण इथे टर्नरला विल्यम्स व्हायला सांगितलेलं नाही. १९६९ मध्ये हर्ब रीडही बाहेर पडला. पाचांपैकी तो शेवटचा.

इथून पुढे गाणं कमी आणि खटले जास्त. बाहेर पडलेला प्रत्येक जण आपापला 'प्लॅटर्स' घेऊन फिरू लागला, आणि 'फाइव्ह प्लॅटर्स' कंपनीचा अधिकृत गट वेगळाच. पॉल रॉबी कोर्टात गेला. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने म्हटलं, की ती कंपनी म्हणजे नावाची मालकी मिळवण्यासाठी रॅमने उभा केलेला देखावा होता, आणि रॉबीला नाव वापरायची मोकळीक दिली. तरी भांडण थांबलं नाही. १९८८ आणि १९९० मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा रॉबीच्या बाजूने निकाल दिले. तो १९८९ मध्येच वारला होता.

दरम्यान हर्ब रीडने १९८७ मध्ये फ्लोरिडात कंपनीशी तडजोड केली: नुसतं 'प्लॅटर्स' नाही, 'हर्ब रीड अँड द प्लॅटर्स' एवढंच वापरायचं. मग १९९९ मध्ये सगळंच उलटलं. रॉबीच्या पत्नीने नाव आपल्याकडे आलं असं मानून रीडला आव्हान दिलं. अपील न्यायालय म्हणालं, गट सोडणारा नाव सोबत घेऊन जात नाही. नाव त्याच्याकडे राहतं ज्याने गट उभा केला, सांभाळला आणि जो सातत्याने त्यात राहिला. म्हणजे रीड, पाचांपैकी शेवटपर्यंत टिकलेला. ज्या बास आवाजाकडे श्रोत्यांचं कधी लक्ष गेलं नाही, तो शेवटी मालक ठरला. २०११ मध्ये नेवाडातल्या कोर्टानेही कंपनीच्या दाव्यापेक्षा रीडचा हक्क वरचढ ठरवला. जून २०१२ मध्ये तो गेला, आणि त्यानंतर त्याच्या कंपनीचे वाद चालू राहिले. २०१३ चा त्यातला एक निकाल ट्रेडमार्कच्या वकिलांमध्ये बराच चर्चेत होता. त्यात म्हटलं होतं, की नावाचा गैरवापर झाला एवढ्यावरून भरून न येणारं नुकसान गृहीत धरून तात्पुरती मनाई देता येणार नाही, त्या नुकसानीचा पुरावा द्यावा लागेल. २०२० च्या अमेरिकी कायद्याने मात्र हे बदललं.

तेव्हा 'खरे कोण' याचं उत्तर तुम्ही काय विचारताय त्यावर आहे. नावाचा कायदेशीर हक्क विचारत असाल तर तो रीडच्या वारशाकडे गेला. आवाज विचारत असाल तर तो १९५५ ते १९६० च्या मर्क्युरीच्या ध्वनिमुद्रणांतच आहे, कोणत्याही रंगमंचावर नाही. दुसऱ्याच्या नावावर गाणाऱ्या गटांना आवरण्यासाठी अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांनी कायदे केले आहेत. शा ना ना गटाचा जॉन बाउमन त्यासाठी वर्षानुवर्षं झटला. गटात मूळ ध्वनिमुद्रणातला किमान एक हक्कदार सभासद हवा, नाहीतर जाहिरातीत 'आदरांजली' असं स्पष्ट लिहायचं. मात्र नोंदणीकृत नावाचा मालक असेल तर त्याला सूट आहे, म्हणजे रॅमसारख्याला हे कायदे मुळीच अडवत नाहीत. तिकीट काढाल तर जाहिरातीतली बारीक अक्षरं वाचा, आणि चांगलं गाणारे असतील तर खुशाल जा.

ऐकतानाही एक सावधगिरी बाळगा. म्युझिकॉरच्या काळात जुनी गाणी सनी टर्नरच्या आवाजात पुन्हा मुद्रित झाली, आणि स्वस्तातल्या संग्रहांत, ॲपवरच्या याद्यांत बऱ्याचदा तीच असतात. स्टीरिओ फार स्वच्छ आणि ड्रम फार पुढे वाटले तर शंका घ्या.

आता तुमच्या गटाबद्दल. 'ओन्ली यू' बसवताना सा-ध-म-प चा फेरा लावायला जाऊ नका, हे गाणं त्या फेऱ्यातलं नाही. पहिल्या कॉर्डनंतर ते गंधाराच्या मेजर कॉर्डवर जातं, त्या कॉर्डच्या सातव्या स्वरासकट, मग धैवताच्या मायनरवर, मग पुन्हा सा वर पण कोमल निषाद घेऊन, आणि तिथून मध्यमावर. या चालीत एक मधली ओळ लपलेली आहे: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, कोमल निषाद. अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढणारी. ती ज्या मुलीचा मधला आवाज भरीव आहे तिला द्या आणि बाकीच्यांना तिच्या खाली ठेवा. गाण्याचा सगळा ताण त्या चार स्वरांत आहे. पियानोचे तीन-तीन ठोके कोणी तोंडाने मारू नयेत, ते लगेच विनोदी वाटतं. बासने प्रत्येक मात्रेवर एक मऊ ठोका दिला की पुरे. श्वास सगळ्यांनी एकदम घेऊ नका, आळीपाळीने घ्या, नाहीतर 'ऊ'मध्ये भोक पडतं आणि मुख्य गायिकेचा किंवा गायकाचा हुंदका त्यात बुडून जातो. तो हुंदका विल्यम्सचा उचलू नका. ज्याच्या गळ्यात स्वर जिथे आपसूक फुटतो, तिथेच फुटू द्या, आणि सराव करून ती जागा पक्की करा.